ठराव झाला, पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

नगरपरिषदांच्या डिसेंबर २०२५ मधल्या आणि महापालिकांच्या जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकांनंतर प्रशासकांच्या जागी पुन्हा नगरसेवक बसू लागले. त्यानंतर आलेल्या पत्रांत दोनच विषय दिसतात: जमिनीचा झोन आणि पालिकेतली नोकरभरती. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. तरी गाडी अडते ती एकाच ठिकाणी. सभागृहाने बाके वाजवून मंजुरी दिलेली असते आणि त्यापुढचा कागद कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नसते.

आमचा ५५ गुंठ्यांचा गट विकास योजनेत शेती विभागात आहे. प्रशासक येण्यापूर्वी नगरपरिषदेच्या सभेत तो रहिवास विभागात घेण्याचा ठराव बहुमताने झाला. ठरावाची प्रत जोडून बांधकाम परवानगी मागितली, तर अर्ज परत आला. कोर्टात जावे का?
– एक वाचक, पुणे जिल्हा

एवढ्यात नको. अर्ज परत आला तो बहुधा बरोबरच आला. मंजूर विकास योजनेतला झोन बदलण्याचा अधिकार नगरपरिषदेला नाही, तिला फक्त प्रस्ताव मांडता येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे त्या ठरावानंतर बरेच काही व्हायला हवे होते. फेरबदलाची सूचना शासन राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापायची, हरकतींसाठी एक महिना द्यायचा, ज्यांच्या जमिनीवर परिणाम होतो त्यांना स्वतंत्र नोटीस द्यायची, त्यांची सुनावणी घ्यायची आणि मग हरकतींच्या अहवालासह प्रस्ताव शासनाच्या नगरविकास विभागाकडे मंजुरीला पाठवायचा. राजपत्रात सूचना आल्यापासून एका वर्षात प्रस्ताव शासनाकडे गेला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे आपोआप रद्द होतो. पुन्हा नव्याने आणायला बंदी नाही, पण सुरुवात पहिल्या पायरीपासून करावी लागते. शासनाची मंजुरीची अधिसूचना निघेपर्यंत तुमचा गट कागदावर शेतीच राहतो आणि परवानगी देणाऱ्याला मंजूर योजना धरूनच निर्णय द्यावा लागतो.

म्हणून माहितीच्या अधिकारात 'जोडपत्र अ'चा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि चारच गोष्टी विचारा: राजपत्रातल्या सूचनेची तारीख व प्रत, बाधितांना दिलेल्या नोटिसांच्या पोच, सुनावणीचे इतिवृत्त, आणि शासनाला प्रस्ताव पाठवल्याचा जावक क्रमांक व दिनांक. 'माझ्या फायलीचे काय झाले' असे विचारले की 'कार्यवाही सुरू आहे' असे उत्तर येते. तारीख मागितली की तारीख तरी येते, नाहीतर 'माहिती उपलब्ध नाही' असे लिहून द्यावे लागते. त्या लेखी कबुलीचाही पुढे उपयोग होतो.

अशा फायली ठरावीक ठिकाणी अडतात. ठरावात गट नंबर असतो, पण सोबत भाग नकाशावर हद्द रंगवलेली नसते. गटाचा काहीच भाग बदलायचा असेल तर मोजणी नकाशाशिवाय तो भाग कोणता हे ठरत नाही. शेजाऱ्यांना नोटीस दिलेली नसते, मग तेच पुढे हरकत घेतात. पोच रस्ता कागदावर नसतो. नदी किंवा ओढा जवळ असेल तर पाटबंधारे विभागाची पूररेषा जोडलेली नसते. यातली निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. गट निळ्या रेषेच्या आत असेल तर झोन बदलाचा नाद सोडलेला बरा.

आणखी एक अडचण सहसा कोणी आधी सांगत नाही. कलम ३७ फक्त अशाच बदलासाठी आहे ज्याने योजनेचे मूळ स्वरूप बदलत नाही. तुमचा एक गट त्यात बसू शकतो. पण शेजारचे पंचवीस गटही त्याच ठरावात घुसवले असतील तर नगररचना विभाग तिथेच बोट ठेवेल. मग कलम ३८ प्रमाणे वीस वर्षांनी होणाऱ्या फेरआढाव्याची वाट पाहावी लागते.

मंजुरी मिळालीच तर हिशेब आताच करून ठेवा. ५५ गुंठे म्हणजे सुमारे ५,५०० चौरस मीटर. भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असल्यास एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे साडेपाच गुंठे तिथेच गेले, अंतर्गत रस्ते वेगळे. ५५ गुंठ्यांचा भाव धरून दलालाशी बोलणी करू नका.

घराच्या तळमजल्यावर दुकान काढायचे आहे. समोरचा रस्ता टेपने मोजला तर साडेसात मीटर भरतो. परवानगी मिळेल का?
– एक वाचिका, नाशिक

टेप कुठून कुठे लावला यावर उत्तर आहे. डांबराची रुंदी म्हणजे रस्त्याची रुंदी नव्हे. गटार, पदपथ आणि कडेची माती धरून हद्दीपासून हद्दीपर्यंतचे अंतर मोजले जाते, आणि विकास योजनेत किंवा मंजूर रेखांकनात जो आकडा आहे तोच चालतो. झोन दाखला व भाग नकाशा काढून आधी तो आकडा पाहा. प्रत्यक्षात साडेसात मीटर दिसणारा रस्ता योजनेत १२ मीटरचा असू शकतो. तसे असेल तर तुमच्या जागेतला काही भाग रस्तारुंदीत जाईल, पण वापराचे दार उघडेल.

नियमावलीत रहिवास विभागाचे दोन प्रकार आहेत. दाट वस्तीच्या भागात ९ मीटरपेक्षा कमी आणि दाट वस्तीबाहेर १२ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरचे भूखंड 'आर-१' मध्ये येतात, तेवढ्या किंवा त्याहून रुंद रस्त्यावरचे 'आर-२' मध्ये. 'आर-१' मध्ये रोजच्या गरजेची छोटी दुकाने आणि दवाखाना असे मोजकेच वापर चालतात, 'आर-२' मध्ये यादी बरीच लांब आहे. दुकान सुरू करून मग 'नियमित करून घेऊ' हा सल्ला ऐकू नका. वापरातला बदलही परवानगीविना केला तर अनधिकृत ठरतो आणि नोटीस येते.

आमच्या महापालिकेने स्वच्छता आणि अग्निशमन विभागासाठी १२० नवी पदे निर्माण करण्याचा ठराव केला. वर्ष झाले, जाहिरात नाही. नगरसेवक म्हणतात आयुक्त अडवतात, आयुक्त म्हणतात शासन अडवते. खरे कोण?
– एक वाचक, ठाणे जिल्हा

बहुतेक वेळा आकडे अडवतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणे शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय नवे पद निर्माण करता येत नाही. शासन सगळ्यात आधी आस्थापना खर्च पाहते. महापालिकांसाठी तो महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, हा दंडक आहे.

उदाहरणासाठी गोल आकडे घेऊ. समजा उत्पन्न २०० कोटी आहे आणि वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन मिळून ८२ कोटी जातात. हे झाले ४१ टक्के. त्यात १२० पदे, प्रत्येकी वर्षाला साडेचार लाख, म्हणजे आणखी ५ कोटी ४० लाख. खर्च ४३.७ टक्क्यांवर गेला. जुन्या ८२ कोटींवरच ३५ टक्के गाठायचे तर उत्पन्न २३४ कोटींच्या वर न्यावे लागेल. म्हणजे मालमत्ता करवाढीला विरोध करणारे आणि भरतीची मागणी करणारे हात बऱ्याचदा त्याच सभागृहात, त्याच दिवशी वर होतात. अर्थसंकल्पात उत्पन्न फुगवून टक्केवारी खाली आणता येते खरी, पण तपासणी प्रत्यक्ष जमा रकमेवर झाली की तो फुगा फुटतो. कराची थकबाकी कागदावर कितीही असो, तिजोरीत आल्याशिवाय ती उपयोगाची नाही.

याचा अर्थ प्रस्ताव निरर्थक होता असे नाही. अग्निशमनासारख्या अत्यावश्यक सेवेसाठी ही अट शिथिल करावी, अशी मागणी करता येते. मात्र ती स्वतंत्र, कारणांसह करावी लागते. 'जनतेची गैरसोय होते' एवढ्याने भागत नाही. केंद्रे किती, तीन पाळ्यांत एका गाडीवर माणसे किती लागतात, साप्ताहिक सुट्टी व रजेसाठी राखीव किती, आज हजर किती, असा तक्ता हवा. गाडीवर पाच माणसे धरली तर तीन पाळ्यांना पंधरा लागतात, आणि सुट्ट्या-रजा धरल्यावर अठरा-एकोणीस. ठरावात नुसते 'पंधरा' लिहिणारा विभाग पुढच्या वर्षी पुन्हा पदे मागायला येतो.

पद निर्माण करणे आणि मंजूर पद भरणे यांतही फरक आहे. मंजूर आकृतिबंधात (पदांच्या मंजूर यादीत) पद असेल आणि रिक्त असेल तर नव्या ठरावाची गरज नसते. सेवाप्रवेश नियम मंजूर हवेत आणि बिंदूनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची नोंद) विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासलेली हवी. बिंदूनामावलीत एक चूक नेहमीची आहे. पदोन्नतीने भरायची आणि सरळसेवेने (थेट भरतीने) भरायची पदे एकाच नोंदवहीत मिसळलेली असतात, मग कक्ष ती परत पाठवतो आणि सहा महिने सहज जातात. तुम्ही विचारताना 'भरती कधी' असे विचारू नका. मंजूर, भरलेली आणि रिक्त असा संवर्गनिहाय तक्ता मागा आणि बिंदूनामावली कोणत्या दिनांकास प्रमाणित झाली ते विचारा. रिक्त पदे आहेत पण प्रमाणपत्र नाही, असे निघाले तर शासनाकडे बोट दाखवता येणार नाही.

नगरपरिषदेत चित्र आणखी वेगळे असते. तिथे लेखापाल, अभियंता, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक अशी महत्त्वाची पदे नगरपरिषद राज्यसेवा संवर्गातली आहेत. त्यांची भरती आणि नेमणूक बेलापूरचे नगरपरिषद प्रशासन संचालनालय पाहते. २०२३ मध्ये गट 'क'ची १,७८२ पदे राज्यभरासाठी एकत्रच जाहीर झाली ती याच कारणाने. अशा पदासाठी 'स्थानिक उमेदवारालाच घ्यावे' असा ठराव करणे म्हणजे कागद वाया घालवणे.

मी २०१२ पासून ठेकेदारामार्फत घंटागाडीवर काम करतो. 'सर्व कंत्राटी कामगारांना कायम करावे' असा ठराव आता एकमताने झाला आहे. आम्ही कायम झालो का?
– एक वाचक, मराठवाडा

नाही. खोटी आशा लावणे बरे नाही म्हणून सरळ सांगतो. असा ठराव पदमंजुरीशिवाय झाला असेल तर महापालिकेत शासन महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित वा रद्द करू शकते. नगरपरिषदेत जिल्हाधिकारी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात दिलेला निकाल तुमच्यासारख्यांच्या आड येतो. मंजूर पद, योग्य भरतीप्रक्रिया आणि पात्रता यांशिवाय केवळ सेवेच्या वर्षांवर कायम करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यात दिलेली दहा वर्षांची एकवेळची सवलत त्या वेळी सेवेत असलेल्यांपुरती होती, २०१२ चे लोक तीत बसत नाहीत. तरी एक वाट उरते. औद्योगिक न्यायालयाला कामगार संघटनांविषयीच्या १९७१ च्या राज्य कायद्याखाली अनुचित प्रथांची दखल घेता येते आणि उमादेवी निकालाने ते अधिकार संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या प्रकरणात सांगितले. ठेका नावापुरता आहे, हुकूम पालिकेचा मुकादमच देतो, आणि रिक्त मंजूर पदे आहेत, या तिन्ही गोष्टी दाखवता आल्या तर दाव्याला बळ येते. रिक्त पदच नसेल तर न्यायालय पद निर्माण करत नाही.

म्हणून आजपासून कागद जमवा: हजेरीपत्रकाचे फोटो, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, ईएसआयसी कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पालिकेचे ओळखपत्र किंवा गेटपास, मुकादमाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले कामवाटप. ठेकेदार बदलला की जुने कागद गायब होतात, मोबाइलमधले मात्र राहतात. किमान वेतन किंवा निधीची रक्कम बुडवली असेल तर पालिका मूळ मालक म्हणून जबाबदार असते. ती लढाई कायम होण्याच्या लढाईपेक्षा लवकर जिंकता येते, तेव्हा आधी तीच लढा. सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींवरचा २४ फेब्रुवारी २०२३ चा शासन निर्णय कायम सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्यासाठी आहे. तो दाखवून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा.

आमच्या भूखंडावर १३ वर्षांपासून खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. नोटीस दिल्यावर नगरपरिषदेने 'जागा संपादित करावी' असा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवले. आता आरक्षण टिकले का?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

तेवढ्याने टिकत नाही. अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस द्यायची असते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन किंवा त्यासाठीची कायदेशीर पावले झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हाला मिळतो. नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले.

तुमची नोटीस मात्र तपासा. दहा वर्षे आरक्षणाच्या चर्चेपासून नव्हे, तर योजना अंमलात आल्याच्या तारखेपासून मोजतात. ती तारीख मंजुरीच्या अधिसूचनेत दिलेली असते. एक दिवस आधी दिलेली नोटीसही बाद ठरते. सोबत मालकीचे कागद हवेत, आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर चौघांच्या सह्या. २४ महिने नोटीस पोचल्यापासून सुरू होतात, म्हणून आवक शिक्का असलेली प्रत जपा. मुदत संपल्यावर व्यपगत झाल्याची राजपत्रातली अधिसूचना शासनाकडून मागून घ्या. तिच्याशिवाय बांधकाम परवानगीच्या खिडकीवर वाद संपत नाही.

आमच्या नगरपरिषदेत नगररचनाकाराचे पद रिक्त आहे. नकाशा तीन महिने पडून आहे. साठ दिवसांनी आपोआप परवानगी मिळते म्हणतात, खरे का?
– एक वाचक, विदर्भ

नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये तशी तरतूद आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवून पाया खणू नका. साठ दिवस अर्ज पोचल्यापासून किंवा कार्यालयाने मागितलेल्या त्रुटीच्या पूर्ततेपासून, यांतली जी तारीख नंतरची तिच्यापासून मोजतात. अठ्ठावन्नाव्या दिवशी त्रुटीचे पत्र येते ते याचमुळे. शिवाय नकाशा नियमावलीत तंतोतंत बसत असेल तरच अशा मानीव (मिळाली असे धरलेल्या) परवानगीचा आधार मिळतो. सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) दहा सेंटिमीटर कमी असले तरी बांधकाम अनधिकृत ठरू शकते.

पद रिक्त असणे हे परवानगी थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. जिल्ह्याच्या नगररचना शाखा कार्यालयाकडून तांत्रिक अभिप्राय घेता येतो, आणि शेजारच्या नगरपरिषदेतल्या अधिकाऱ्याला अतिरिक्त कार्यभार देता येतो. मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा की तुमचे प्रकरण अभिप्रायासाठी कोणत्या तारखेला पाठवले.

शहराच्या नव्या विकास योजनेचा मसुदा येणार आहे. हरकत कशी लिहावी?
– गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, सोलापूर

एका अर्जात एकच मुद्दा लिहा. रस्त्याची आखणी, मैदानाचे आरक्षण आणि पाणीपुरवठ्याची तक्रार एकाच पानावर आली की सुनावणीत उत्तर कोणत्याही एका मुद्द्याला मिळते. वर नकाशाचा पत्रक क्रमांक, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक लिहा. मग मसुद्यात काय दाखवले आहे, जागेवर काय आहे, आणि तुम्हाला काय हवे आहे, अशा तीन परिच्छेदांत संपवा. विरोधाबरोबर पर्याय दिला तर वजन पडते: १८ मीटरचा रस्ता तुमच्या इमारतीतून जात असेल तर तो किती मीटर कोणत्या बाजूला सरकवता येईल, ते नकाशावर लाल रेषेने दाखवा. मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र जोडा. छापील एकच मजकूर दोनशे सह्यांनी देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या कागदांसह दिलेले दहा अर्ज चांगले.

विद्यमान वापराचा नकाशा आधी तपासा, चुकांचे मूळ तिथे असते. मुंबईचा २०१५ चा मसुदा अशाच ढोबळ चुकांमुळे एप्रिलमध्ये फेरतपासणीसाठी मागे घ्यावा लागला, सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि मंजुरी मिळायला ८ मे २०१८ उजाडली.

हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तुमच्या वाट्याला पाच मिनिटे येतील. ती भाषणात घालवू नका, नकाशा टेबलावर पसरून बोट ठेवा. समितीने मान्य केले म्हणून फाइल बंद करू नका. शासन मंजुरी देताना मोठे बदल वगळून ठेवते आणि त्यांवर पुन्हा एक महिन्याची हरकतीची संधी राजपत्रातून देते. पहिल्या फेरीत पाचशे लोक येतात, या दुसऱ्या फेरीत पाचही नसतात. बिल्डरचा माणूस मात्र चुकत नाही. संस्थेतल्या एकाला आठवड्यातून एकदा राजपत्राचे संकेतस्थळ उघडून पाहण्याचे काम वाटून द्या.